हातचा, टोणपा, दोतृ: ऑफिसात जन्मलेले आपले शब्द

खाडीकाठची (कळवा)

काल सकाळी ठाण्याला दहा नंबर फलाटावर वाशी गाडीची वाट बघत उभी होते. पुढे दोन मुली, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, वय फार तर बावीस-तेवीस. एकीने विचारलं, "मग, टीम मिळाली का तुला?" दुसरी म्हणाली, "कुठली! मी अजून हातचीच आहे."

डबा हातातून सुटता सुटता राहिला माझ्या. कारण हा शब्द मी केलाय.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात एक नवा मुलगा लागला होता. आधी एका कामावर घेतला, ते काम बंद पडलं. मग दुसऱ्यावर ढकलला, तिथून तिसऱ्यावर. कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही, पण तो नसला की प्रत्येक टीमचं अडायचं. जेवायच्या टेबलावर मी म्हटलं, हा आपला हातचा आहे. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. उत्तराच्या ओळीत त्याला जागा नाही. डोक्यावर बारीक अक्षरात लिहायचा आणि पुढच्या घरात ढकलायचा. विसरलात तर मात्र अख्खी बेरीज चुकली.

टेबलावरचे सहाही जण हसले आणि शब्द तिथल्या तिथे रुजला. पुढे तिघं ऑफिस सोडून गेले, शब्द घेऊन गेले असणार. त्यातल्या कुणाकडून कुणाकडे जात तो त्या मुलीपर्यंत पोचला ते मला माहीत नाही. पण बघा, मी फक्त "हातचा" केला होता. "हातची" तिने केली, किंवा वाटेत आणखी कुणी. शब्दाचं लिंग बदलून तो माझ्याकडे परत आला. दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

नवीन शब्द टिकणार की नाही हे ओळखायच्या माझ्या दोन कसोट्या आहेत. एक, तो वाकतो का? म्हणजे हातचा, हातच्याला, हातच्यांनी, हातचेपणा असं त्याचं काहीही करता आलं पाहिजे. आणि दोन, तो अनोळखी माणसाच्या तोंडून परत येतो का?

आपल्याकडे या मालाची कोठारं भरलेली आहेत. छत्तीसचा आकडा, तीनतेरा, दीडशहाणा, पावली कमी, सोळा आणे, नऊ वाजता येतो म्हणून साडेदहाला येणाऱ्याचे बारा वाजवणं. सगळा संसार आपण आकड्यांत बोलतो. ठाण्यात तर पत्तेसुद्धा तसेच: तीन हात नाका, पाचपाखाडी, तीन पेट्रोल पंप. मग ऑफिसची, राजकारणाची आणि रोजच्या हिशेबाची बोली आपण आपल्या गणितातूनच का करू नये?

तुमच्याकडचे शब्द इथे आणा. दोनच अटी: ऑफिसचं किंवा पुढाऱ्याचं नाव लिहायचं नाही, आणि कुणाच्या जातीवर, शरीरावर शब्द बेतायचा नाही.

घणसोलीचा गडी

ताई, हातचा आमच्या महाप्याच्या ऑफिसातही आहे! मला वाटायचं तो आमच्याच मजल्यावरचा. आम्ही त्याचं क्रियापदसुद्धा केलंय. "मला तिकडे हातचावलं."

खाडीकाठची (कळवा)

हातचावलं! आज रात्री झोप नाही मला.

पगारपत्रकवाला (कोपरखैरणे)

मी पगार काढायच्या खात्यात आहे, त्यामुळे माझे शब्द पैशांचे.

पहिला: टोणपा. "टक्केटोणपे खाणं" आपण म्हणतोच. आमच्या मजल्यावर त्याची फोड केली. पत्रात छापून येतो तो टक्का, आणि छापलेल्या रकमेतून हातात यायच्या आधी गळतो तो टोणपा. दरवर्षी कुणीतरी नवीन मुलगा पत्र घेऊन येतो आणि म्हणतो, सर, पन्नास हजार लिहिलंय, खात्यात बेचाळीस कसे? मग मी कागद घेऊन बसतो. मूळ पगार २५,००० धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे ३,०००, तो पन्नास हजारांत आधीच मोजलेला. ग्रॅच्युइटीही मोजलेली: वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. २५,००० गुणिले १५ भागिले २६, आणि त्याला १२ ने भागा, आले १,२०२. मग तुझ्या वाट्याचा पीएफ ३,०००. व्यवसाय कर २००. वजा करत जा, राहिले ४२,५९८. आयकर अजून धरलेलाच नाही. टोणपा ७,४०२.

हे सांगताना त्या मुलाचा चेहरा मी जवळून बघतो. गणित कळल्यावर राग निम्मा होतो, हे नक्की. म्हणून हा शब्द मला फार आवडतो. रकमेला नाव मिळालं की माणूस तिच्याशी भांडू तरी शकतो.

दुसरा शब्द: फेब्रुवारी होणं. आपल्या राज्यात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. का? कारण घटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही. अकरा दुणे बावीसशे, उरले तीनशे, ते फेब्रुवारीत बसवले. म्हणजे सगळ्यात कमी दिवसांच्या महिन्यात सगळ्यात मोठी कापणी. तेव्हापासून आमच्याकडे ज्याला वेळ सगळ्यात कमी आणि काम सगळ्यात जास्त, त्याची "फेब्रुवारी झाली". "आज माझी फेब्रुवारी आहे, उद्या बोलू."

नियमावर बोट (पाचपाखाडी)

फेब्रुवारी उत्तम. एक भर घालतो: ही २,५०० ची मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने आली, त्याआधी ती २५० होती. आणि २०२३ च्या एप्रिलपासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर माफ आहे. त्यांची फेब्रुवारी होत नाही.

टोणप्याबद्दल मात्र आक्षेप. पीएफ टोणप्यात धरू नका. दोन्ही वाटे आपल्याच नावावर जमा होतात, व्याजासकट परत येतात. त्याला राखण म्हणा फार तर. खरा टोणपा व्यवसाय कराचा. आणि कायम नोकरीतला माणूस पाच वर्षं भरायच्या आत सोडून गेला तर ग्रॅच्युइटीचासुद्धा, कारण ती रक्कम पत्रात दिसली आणि हातात कधीच आली नाही.

पगारपत्रकवाला (कोपरखैरणे)

मान्य. राखण आणि टोणपा वेगळे. उद्यापासून कागदावर दोन रकाने आखतो. राखण ६,०००, टोणपा १,४०२.

घणसोलीचा गडी

आता राजकारणातला शब्द. आमच्या टीममध्ये नऊ जण. साहेबांचा नियम, दुपारी एकाच्या आधी जेवायला उठायचं नाही. एकटा उठला की त्याला बोलणी बसायची. एकदा सहा जण एकदम उठले आणि साहेबांना काही बोलताच आलं नाही. एक जण म्हणाला, "हे दोन तृतीयांश झालं, आता अपात्र ठरवता येत नाही." तेव्हापासून त्याचं नाव दोतृ. लसावि, मसावि, कंचेभागुबेव तसंच दोतृ. "आज पावणेएकला दोतृ आहे, येतोस?" बस, एवढंच. समोर साहेब असले तरी चालतं, त्यांना ते कसल्या तरी सॉफ्टवेअरचं नाव वाटतं.

नियमावर बोट (पाचपाखाडी)

हा शब्द फार छान आहे, म्हणूनच तो नीट वापरला जावा असं वाटतं.

पक्षांतरबंदी आली १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने, दहावं परिशिष्ट तेव्हाचं. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तरी ती "फूट" मानून सवलत होती. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढून टाकली. म्हणजे तुमच्या नऊ जणांच्या टीममध्ये पूर्वी तिघं उठले असते तरी चाललं असतं, आता सहा लागतात. आणि नुसतं उठून चालत नाही. दोन तृतीयांशांची सवलत आहे ती विलीनीकरणाला. म्हणजे त्या सहा जणांनी दुसऱ्या टीमच्या टेबलावर जाऊन बसायला हवं. वेगळं टेबल मांडलं तर तो दोतृ होत नाही.

घणसोलीचा गडी

बसतो आम्ही! अकाउंट्सच्या टेबलावर. त्यांच्याकडे लोणचं असतं.

नियमावर बोट (पाचपाखाडी)

मग हरकत नाही.

सेक्टर सतरा

दहा जणांची टीम असेल तर? दोन तृतीयांश म्हणजे ६.६७.

नियमावर बोट (पाचपाखाडी)

सात. "दोन तृतीयांशांहून कमी नाही" अशी भाषा आहे. सहा म्हणजे साठ टक्के, कमीच पडले. इथे जवळचा पूर्णांक घेत नाहीत, वरचाच घ्यायचा.

याच २००३ च्या दुरुस्तीतला दुसरा नियम म्हणजे मंत्र्यांची संख्या, मुख्यमंत्री धरून, सभागृहाच्या पंधरा टक्क्यांहून जास्त नको. आपली विधानसभा २८८ ची. पंधरा टक्के म्हणजे ४३.२. इथे उलट, खालचाच पूर्णांक घ्यायचा, म्हणजे ४३. एकाच कायद्यात एकीकडे वर जायचं, एकीकडे खाली. आमच्या सोसायटीत गणपतीच्या कमिटीवर यायला सगळे तयार आणि जागा मोजक्या, तेव्हा आम्ही म्हणतो "त्रेचाळिशी झाली". राहिलेल्यांना मग महामंडळ द्यावं लागतं. आमच्याकडे महामंडळ म्हणजे चपलांची व्यवस्था.

स्पष्टच सांगतो (वाशी)

वाचतोय कधीचा. राग मानू नका, पण हे सगळं कशासाठी? हातचा म्हणजे बेंचवर असणं. सगळं जग बेंच म्हणतं. तयार शब्द असताना नवा पाडायचा, मग नव्या माणसाला समजावत बसायचं. भाषा वाढवायची तर विज्ञानाचे, संगणकाचे शब्द करा. ही चार टेबलांची गंमत आहे, सहा महिन्यांनी कुणाला आठवणार नाही.

खाडीकाठची (कळवा)

राग नाही. नेमकं उत्तर देते.

बेंचवर असणारा बसून असतो. हातचा कधी बसलेला नसतो. तो सगळ्यांत जास्त राबतो आणि त्याचं नाव कुठेच नसतं, म्हणून तर वेगळा शब्द लागला. बेंच म्हटलं की त्या मुलाकडे काम नाही असा अर्थ होतो आणि वर्षाच्या मूल्यमापनात त्याचं नुकसान होतं. आमच्याकडे झालं. तीन टीमचं काम केलेल्या त्या मुलाच्या नावापुढे "बेंच, सात महिने" असं लिहिलं गेलं. आमच्या टेबलावरचे आम्ही सगळे गेलो आणि सांगितलं की हा हातचा होता, प्रत्येक बेरजेत याला मिळवलेला आहे, कुठल्या कामात ते आम्ही दाखवतो. यादी करून दिली. दीड महिना लागला, पण ती ओळ बदलली. शब्द नसता तर आम्हाला तेव्हा काय म्हणायचंय तेच सुचलं नसतं, असं मी आजही मानते.

आणि ती मुलगी चार टेबलांतली नव्हती हो. फलाटावरची होती.

गणिताच्या बाई (नौपाडा)

एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हा धागा मुलीने दाखवला. तुम्ही सगळ्यांनी मला फार आनंद दिलात.

माझ्या वाटणीचा शब्द: अंशाधिक. ज्या अपूर्णांकात अंश छेदाहून मोठा तो अंशाधिक अपूर्णांक, हे पाचवी-सहावीत शिकवायचे. आमच्या शिक्षकखोलीत आम्ही तो समित्यांना लावला. वर सांगणारे सात, खाली करणारे तीन, समिती अंशाधिक. सहलीची समिती, स्नेहसंमेलनाची समिती, सगळ्या अंशाधिक. मुलगी ऐरोलीला कामाला लागली आणि आठवड्याभरात घरी येऊन म्हणाली, "आई, आमचा प्रोजेक्ट अंशाधिक आहे गं, सात तृतीयांश." मी तिला म्हटलं, मग पूर्णांकयुक्त करून लिही. दोन पूर्णांक एक तृतीयांश. म्हणजे प्रत्येक काम करणाऱ्याच्या डोक्यावर दोन साहेब पूर्ण आणि तिसऱ्याचा थोडा भाग. ती म्हणाली, तो तिसरा थोडा भागच सगळ्यात जास्त मेल पाठवतो.

मसावि आणि लसावि तर वापराच. मसावि म्हणजे सगळ्यांना भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या. बारा जणांची सहल कुठे न्यायची यावर वाद होतो, कुणाला समुद्र नको, कुणाला डोंगर नको, शेवटी सगळ्यांना चालणारं एकच उरतं, मिसळ. तो त्या सहलीचा मसावि. एखाद्या सभेत मसावि १ येतो, म्हणजे एकमेकांत समान काही नाही, त्या सहमूळ संख्या. आणि लसावि म्हणजे सगळे एकत्र भेटायची वेळ. एकाला दर तीन दिवसांनी सवड, दुसऱ्याला दर चार, तिसऱ्याला दर पाच. लसावि साठ. दोन महिन्यांनी बैठक. इथे गणित अगदी तंतोतंत आहे, उपमा नाही ही.

आता मनातलं एक. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून केवढं वादळ उठलं होतं आठवतं ना? एकवीस-बावीसबरोबर "वीस एक, वीस दोन" असंही वाचता येईल असं पुस्तकात आलं होतं. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. खूप टीका झाली. मी वर्गात होते, म्हणून सांगते. "पंचवीस लिहा" म्हटलं की दरवर्षी सहा-सात मुलं ५२ लिहायची. कारण आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर, आणि लिहितो मात्र उलट. त्या मुलांसाठी "वीस पाच" ही शिडी होती, चढून झाली की बाजूला ठेवायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव हे शब्द माझ्या जिभेवरचे दागिने आहेत आणि ते मोडीत निघू नयेत असंही तितकंच वाटतं. दोन्ही खरं आहे.

जाता जाता औट. औट म्हणजे साडेतीन. माझे वडील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे म्हणायचे. "औट घटकेचा राजा" एवढ्यातच तो शब्द उरलाय. कुणीतरी त्याला काम द्या, फार चांगला शब्द आहे.

घणसोलीचा गडी

बाई, नमस्कार. औटला काम आहे. ऑफिसात पाणी प्यायला उठतो आणि साडेतीन मिनिटांत परत जागेवर येतो, कारण पाच मिनिटांनी स्क्रीन बंद होते आणि तिकडे लाल ठिपका दिसतो. आजपासून "औट मारून येतो".

गणिताच्या बाई (नौपाडा)

वडील असते तर त्यांना मी हे वाचून दाखवलं असतं.

लेडीज डबा (तुर्भे)

आमच्या डब्यातला शब्द: वारस. गर्दीत शिरल्या शिरल्या बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणाली रबाळे, की आपण तिच्या जागेची वारस. मागून आलेली दुसरी विचारते, "रबाळ्याला वारस आहे का?" "मी आहे, पण मी कोपरखैरण्याला उतरते." "मग मी तुमची वारस." अशी तीन-तीन पिढ्यांची वंशावळ उभ्या उभ्या ठरते, आणि मी गेल्या अकरा वर्षांत कुणाला ती मोडताना बघितलेलं नाही. चौथ्या सीटला मात्र वारस नसतो. तिघींच्या बाकावर जी चौथी टेकते तिला अर्धी जागाही मिळत नाही, फार तर पावकी. तिला आमच्यात "पावकीवर बसली" म्हणतात.

निवृत्त अनुवादक (कोपरी)

सरकारी अनुवादात माझी उमेद गेली, म्हणून "स्पष्टच सांगतो" यांच्याशी थोडं बोलायचंय.

शब्द पाडायची आपली परंपरा जुनी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात तेराशेहून जास्त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत वळणाचे पर्याय दिले. मुजुमदाराचे अमात्य झाले, डबीराचे सुमंत झाले. सावरकरांचे महापौर, दिनांक, बोलपट घ्या. महापौर आणि दिनांक कुणी केले हे आज कुणाच्या मनातही येत नाही, इतके ते आपले झाले. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. त्याला तेव्हा बदनाम कोश म्हणून हिणवलं गेलं. त्यातली कितीतरी पदनामं आज आपण सहज बोलतो.

पण माझ्या कामात मी एक पाहिलं. आम्ही खोलीत बसून केलेले शब्द कागदावर जगायचे. लोकांनी रस्त्यावर केलेले शब्द तोंडात जगतात, आणि त्यांच्या खालचा आधार काढून घेतला तरी पडत नाहीत. आणे १९५७ मध्ये गेले, पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये बंद झालं, पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अजून शिजतोच आहे. मामलेदाराचं पद आता तहसीलदाराचं आहे, पण ठाण्यात मामलेदार म्हटलं की माणूस मिसळीच्या रांगेत उभा राहतो. आणि चारशेवीस! १८६० च्या दंडसंहितेतलं फसवणुकीचं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक गेली कलम ३१८ मध्ये. कुणी कुणाला "अरे तीनशे अठरा" म्हणताना ऐकलंत? चारशेवीसच म्हणणार. कायद्यातून गेला, भाषेत कायम नोकरीला लागला.

खाडीकाठच्या ताईंनी दोन कसोट्या सांगितल्या, मी तिसरी जोडतो. ज्या वस्तूवरून शब्द निघाला ती वस्तू गेल्यावरही तो उरतो का? हातच्याची बेरीज आता मोबाइल करतो, पाटीवर हातचा लिहिणारे कमी होत चाललेत. म्हणजे तुमच्या शब्दाची परीक्षा सुरू झालीच आहे.

पगारपत्रकवाला (कोपरखैरणे)

काका, पेटी आणि खोकाही त्यातलेच. लाखाला पेटी, कोटीला खोका ही आधी गुन्हेगारी बोली होती. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणांतून खोका घराघरांत पोचला. आता घोडबंदरला घर बघायला गेलो की दलालच म्हणतो, "टू बीएचके, सव्वा खोका." शब्दाची बदनामी मागे पडली, रक्कम मात्र राहिली.

स्पष्टच सांगतो (वाशी)

काकांचं पटलं. चार टेबलांची गंमत म्हणालो ते मागे घेतो. माझ्याकडेही एक आहे, सांगतो.

मी प्रोजेक्टचं वेळापत्रक लावतो. शाळेत काळ-काम-वेग होतं, हौदाचे नळ. एक नळ चार तासांत हौद भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, दोन्ही चालू ठेवले तर किती वेळ? एक चतुर्थांश वजा एक षष्ठांश, एक द्वादशांश, म्हणजे बारा तास. आमच्याकडे एक गृहस्थ होते, कामाला हुशार, पण रोज चालू काम थांबवून नवीन काहीतरी मागायचे. चार दिवसांचं काम बाराव्या दिवशी व्हायचं. मी त्यांना मनात "दुसरा नळ" म्हणायचो. कधी बोललो नाही कुणाजवळ. मला वाटायचं हे माझ्यापुरतंच आहे.

खाडीकाठची (कळवा)

बघा, होता की तुमच्याकडे! आणि वाकतोही: "आज दुसऱ्या नळाने सुट्टी घेतलीय." मी उद्या वापरणार, तुमची परवानगी असेल तर.

स्पष्टच सांगतो (वाशी)

वापरा. याच्या जोडीला व्यस्त त्रैराशिक ठेवा. तीन माणसं सहा दिवसांत, तर सहा माणसं तीन दिवसांत, असं मांडून वरून तिघं जण पाठवतात. नव्या तिघांना शिकवण्यात जुन्या तिघांचे चार दिवस जातात. खड्डा खणताना ते त्रैराशिक चालतं, आमच्या कामात नाही. असली माणसं आली की आम्ही म्हणतो "त्रैराशिक आलं".

दिघावासी

नमस्कार, माझं स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, त्यामुळे या लाइनवर मी नवा. शब्द आणलेला नाही, मागायला आलोय.

आमच्याकडे एक शनिवार सुट्टी, एक शनिवार काम. पहिला आणि तिसरा कामाचा. पाचवा आला तर तोही कामाचा, म्हणजे त्या महिन्यात तीन शनिवार गेले. बँकांना दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते, राज्य सरकारला २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. आमचं मात्र ना धड पाच, ना धड सहा. शुक्रवारी रात्री बायको विचारते, उद्या आहे का रे? मला कॅलेंडर काढावं लागतं. मुलगी सात वर्षांची आहे, तिला शनिवारी मासुंदा तलावावर बोटीत बसायचं असतं. ती विचारते, आज कुठला शनिवार, माझा की ऑफिसचा? या अवस्थेला शब्द हवाय.

सेक्टर सतरा

एकाआड.

लेडीज डबा (तुर्भे)

एकाआड पाणी येतं. शनिवारला नको.

घणसोलीचा गडी

अधमुरा शनिवार? दह्यासारखा, नीट न लागलेला.

गणिताच्या बाई (नौपाडा)

अधमुरा चांगला आहे, पण हिशेब करून बघू. एका आठवड्याला पाच दिवस, दुसऱ्याला सहा. सरासरी साडेपाच. आणि त्रास कुणाचा? शनिवारचा. शनीचा त्रास म्हणजे काय हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, साडेसाती.

मग ही साडेपाची.

दिघावासी

बाई!

पगारपत्रकवाला (कोपरखैरणे)

साडेपाची. उभा राहिलो खुर्चीतून.

नियमावर बोट (पाचपाखाडी)

आक्षेप नाही.

निवृत्त अनुवादक (कोपरी)

साडेसाती निदान साडेसात वर्षांनी सुटते. तीन राशी, प्रत्येकी अडीच वर्षं. हिची मुदत नोकरीएवढी आहे, तेवढं दिघावासींनी लक्षात ठेवावं.

खाडीकाठची (कळवा)

साडेपाची, साडेपाचीला, साडेपाचीत, साडेपाचीतून सुटलो, साडेपाचीवाले. वाकला. मी उद्या ऐरोलीला, दिघावासी त्यांच्याकडे, गडी महाप्याला, असं तिन्हीकडे सोडू या. कुणालाही अर्थ समजावून सांगायचा नाही, नुसता वाक्यात वापरायचा. दहा नंबर फलाटावर कुणाच्या तोंडून ऐकला तर गाडी सोडेन, पण आधी इथे लिहीन.

दिघावासी

मुलीला सांगितला आत्ता. तिने विचारलं, "मग उद्या साडेपाची आहे की बोट?"

उद्या चौथा आहे. बोट.